‘ग्लुकोज पाजून शुगर वाढवतात’ हा फॉरवर्ड आणि आमच्या आईचा रिपोर्ट

फॅमिली ग्रुपवर मामांनी तो फॉरवर्ड चौथ्यांदा टाकला म्हणून आता लिहितोच. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, जीटीटी म्हणजे लॅबमध्ये ग्लुकोज पाजून करतात ती टेस्ट म्हणे निव्वळ फसवाफसवी आहे, एवढी साखर पाजली तर कुणाचीही शुगर वाढणार, दोनदा केली की दोन वेगळे आकडे येतात, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) असताना हिची गरजच काय, आणि गरोदर बाईला तर पाजूच नये, बाळाला अपाय होतो.

शुगर वाढणार हे खरंच आहे हो, पण टेस्ट ती वाढते का हे बघतच नाही, दोन तासांत खाली येते का ते बघते. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाचेक मिनिटांत प्यायचं, नॉर्मल माणूस दोन तासांनी 140 च्या आत येतो, 140 ते 199 म्हणजे प्री-डायबिटीस, 200 आणि वर डायबिटीस. 75 ग्रॅम म्हणजे काही अघोरी प्रकार नाही, पंगतीत भात, पुऱ्या, जिलेबी मिळून मामा स्वतः याहून जास्त कार्ब उचलतात, मी वाढलंय त्यांना.

दोन आकड्यांचा मुद्दा मात्र खरा आहे, तो झटकून चालणार नाही. त्याच माणसाची फास्टिंग शुगर दिवसागणिक साधारण 6 टक्के हलते, ग्लुकोजनंतरची दोन तासांची मात्र 16-17 टक्के, म्हणजे आज 150 आलेला माणूस पुढच्या आठवड्यात 130 वर दिसू शकतो. म्हणूनच लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर डायबिटीसचा शिक्का मारायचा नसतो, दुसऱ्या टेस्टने पक्कं करायचं असतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमचा 2006 मध्ये छापून आलेला अभ्यास बघा, त्यात दोनदा जीटीटी करून दोन्ही वेळा प्री-डायबिटीस निघालेलेच लोक घेतले होते, त्यातल्या ज्यांना नेहमीच्या सल्ल्यापलीकडे काही दिलं नाही त्यांच्यातल्या 55 टक्के लोकांना तीन वर्षांत डायबिटीस झाला, आणि ज्यांचं चालणं-खाणं सुधारलं त्यांच्यात 39 टक्के. टेस्ट हवेतली असती तर तिने निवडलेली निम्म्याहून जास्त माणसं अशी बरोबर डायबिटीसमध्येच गेली असती का?

शिवाय आकडा हलवण्यात आपलाही हात असतोच. टेस्टच्या भीतीने लोक तीन दिवस भात-पोळी बंद करतात आणि त्यानेच आकडा उलटा चढतो, नेहमीसारखं जेवायचं असतं. रक्त घेऊन नळी तशीच ठेवली तर तिच्यातली शुगर तासाला 5 ते 7 टक्के उतरते, म्हणून ती फ्लोराइडवाली करड्या टोपणाची नळी. आणि ते दोन तास गप बसायचं असतं! आमच्या मातोश्री ग्लुकोज पिऊन ‘आलेच पाच मिनिटांत’ म्हणून मंडईत गेल्या, दीड तासाने मेथीच्या दोन जुड्या आणि नारळ घेऊन परत, लॅबवाल्याने एका शब्दाने हटकलं नाही. रिपोर्ट 132. आता चालण्याने शुगर उतरते हे शेंबडं पोरही सांगेल, त्या 132 चं काय लोणचं घालायचं?

एचबीएवनसी सोपी आहे, उपाशी राहावं लागत नाही, कबूल. पण ती हिमोग्लोबिनवर अवलंबून असते आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना अॅनिमिया आहे, लोह कमी असलं की ती खोटी वर दिसू शकते, आणि गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) आहे तिथे तर तिच्यावर विसंबणं अवघडच.

गरोदरपणाचं तर फॉरवर्ड साफ उलटं सांगतो. एकदा पाजलेल्या ग्लुकोजने बाळाला काही होत नाही, महिनोन्‌महिने न कळता चढलेल्या शुगरने होतं, बाळ अंगाने जास्त वाढतं, जन्मल्यावर त्याची शुगर धाडकन घसरू शकते. म्हणून सरकारी नियमातच आहे, पहिल्या भेटीत एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांत परत, तेही उपाशी नसलं तरी चालतं, दोन तासांनी 140 किंवा वर आलं की उपचार सुरू. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, एवढाच काय तो त्रास.

आईची टेस्ट डॉक्टरांनी परत करायला लावली. या वेळी मी शेजारी बाकावर बसून होतो, पिशवीसुद्धा घरी ठेवायला लावली. 171. सगळा फरक मंडईचाच असं नाही, थोडा त्या 16-17 टक्क्यांचाही असेल, तिसरी तारीख पुढच्या महिन्यात आहे. दोन्ही रिपोर्ट मामांना पाठवलेत, ब्लू टिक आलीये.