हातचा मोठा की पत्ता?

वाद लावला पिंट्याने. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुट्टीला सोलापुरात आला की पार्क चौकातल्या आमच्या कट्ट्यावर काहीतरी सोडून देतो आणि मजा बघत बसतो. या वेळी म्हणाला, "जगातला पहिला कॉम्प्युटर कुठला, माहितीये? जकार्डचा माग. म्हणजे आपल्या अण्णांच्या कारखान्यातला."

अण्णा पूर्व भागातला. घरी तेलुगू, मागावर मराठी, चिडला की दोन्ही. तो लगेच सरसावून बसला. "मी कवापासून सांगतोय! सोलापुरी चादरीला जीआयचं भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हाच कॉम्प्युटरचंबी नाव लावून घ्यायला पाहिजे होतं."

"काही लावू नका," सर म्हणाले. सर निवृत्त, गणित शिकवायचे, आणि निवृत्तीनंतर चुका काढण्याचं काम बिनपगारी करतात. "जकार्ड एक अधिक एकसुद्धा करत नाही. त्याला कॉम्प्युटर म्हणायचं तर कॅलेंडरला पंचांगकर्ता म्हणावं लागेल."

अण्णाने हात हवेत धरून माग उभा केला. एका आडव्या धाग्याला एक पत्ता, म्हणजे भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड. पत्ता सुयांवर दाबला जातो. भोक असेल तिथं सुई आत जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि उभ्या धाग्याला घेऊन वर उचलला जातो. भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते, हूक सरकतो, धागा खालीच. पत्ते एकमेकांना दोऱ्याने बांधलेले, माळ फिरत राहते. माळ बदलली की त्याच मागावर मोराच्या जागी वेलबुट्टी. "हे सॉफ्टवेअर नाय तर काय बे? माग तोच, काम वेगळं."

"हे मान्य," सर म्हणाले. "आणि हेही सांगतो, की १८०४ च्या त्या जकार्डच्या आधी फ्रान्समधल्याच लिआँ शहरात बूशों नावाच्या माणसाने १७२५ मध्ये भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर माग चालवून पाहिला होता. म्हणजे विणकरांचा हक्क आणखी जुना. पण हिशेबाच्या यंत्राचं खरं दुखणं वेगळं होतं. हातचा."

मग त्यांनी मालकांकडे मोर्चा वळवला. मालक म्हणजे आमच्यातले कर सल्लागार. सोलापुरात मालक कुणालाही म्हणतात, पण हे दिसतातही तसे. "मालक, ९९,९९९ मध्ये १ मिळवा."

"एक लाख."

"तुम्ही मिळवलंत. चाकांनी कसं मिळवायचं? एककाचं चाक नवावरून शून्यावर येताना दशकाच्या चाकाला ढकलणार, ते शतकाच्याला, ते पुढच्याला. नुसते दाते जोडले तर एका बोटाने सगळी चाकं एकदम फिरवावी लागतात. चार-पाच घरं झाली की यंत्र अडकतं, नाहीतर दाता तुटतो."

जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या शिकार्डने १६२३ मध्ये हिशेबाचं यंत्र जुळवलं, खगोलशास्त्रज्ञ केप्लरला पत्रं लिहून त्याची रचना कळवली. त्याचा हातचा असा एका दात्यावरच होता, यंत्र सहा अंकांचं, आणि केप्लरसाठी बनत असलेला नमुना आगीत गेला. सर शिकार्डवर फार थांबले नाहीत. त्यांचा जीव पास्कलवर.

पास्कलचे वडील फ्रान्समधल्या रूआँला करवसुलीच्या कामावर होते. रात्रंदिवस बेरजा. १६४२ मध्ये एकोणीस वर्षांच्या पोराने त्यांच्यासाठी यंत्र करायला घेतलं. हे ऐकून मालक पहिल्यांदा सरळ बसले. शिवाय फ्रान्सचं नाणं तेव्हा आपल्या जुन्या आणे-पैसारखंच वाकडं: एका लिव्हरचे वीस सोल, एका सोलचे बारा दनिए. म्हणून हिशेबासाठी केलेल्या यंत्रांत दहा घरांच्या चाकांशेजारी वीस आणि बारा घरांची चाकं. आपल्याकडे १९५७ मध्ये दशमान नाणी आली. त्याआधी कुणी असं यंत्र आणलं असतं तर त्यालाही सोळा आण्यांचं चाक लागलं असतं.

पण खरी करामत हातच्याची. पास्कलने चाकाला एक वजनदार दांडी जोडली. चाक शून्याकडून नवाकडे जाताना ती दांडी थोडी थोडी वर उचलली जाते. चाक नवावरून पुन्हा शून्यावर आलं की दांडी सुटते आणि पडता पडता शेजारच्या चाकाला एक घर पुढं ढकलते. म्हणजे पुढच्या चाकाला लागणारी ताकद आधीच साठवून ठेवलेली. बोटाला फक्त आपलं एक चाक फिरवायचं. मला विचाराल तर या एका दांडीसाठी पास्कलला सगळं माफ.

"आणि वजाबाकी?" मालकांनी विचारलं.

चाकं उलटी फिरत नाहीत, म्हणून तीही बेरजेने. सरांनी सिगारेटच्या पाकिटावर लिहून दाखवलं (पाकीट माझं, सर ओढत नाहीत). ७२ मधून ३८ काढायचे. ७२ चा प्रत्येक अंक नवातून वजा करा: २७. त्यात ३८ मिळवा: ६५. पुन्हा प्रत्येक अंक नवातून काढा: ३४. मालकांनी मोबाइलवर पडताळून पाहिलं, आणि हे त्यांनी करायला नको होतं. सर दहा मिनिटं त्यांच्याकडे बघत नव्हते.

पुढचा इतिहास सरांनी झपाट्याने संपवला. लायब्निझने कमी-जास्त लांबीच्या दात्यांचं नळकांडं काढून गुणाकार बसवला, १६७३ मध्ये लंडनला दाखवला, पण लांबलचक हातचा त्याच्याही यंत्रात शेवटपर्यंत नीट गेला नाही. विमा व्यवसायातल्या तोमा द कोलमारने १८२० मध्ये पेटंट घेतलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी यंत्रं कचेऱ्यांतून खरोखर विकली जाऊ लागली. कॉलेजात सरांच्या हाताखालून गेलेलं फॅसिट, म्हणजे दांडा फिरवून चालवायचं हिशेबाचं यंत्र, याच खानदानातलं. भागाकार करताना दांडा उलटा फिरवत राहायचं. एकदा जास्त वजा झालं की घंटी वाजायची, मग एक फेरा सुलटा आणि यंत्राचा सरकता भाग एक घर बाजूला. "परीक्षेच्या हॉलमध्ये तीस घंट्या वाजायच्या," सर म्हणाले. बहुधा वाढवून.

"मग सर, तुमचा तो स्लाइड रूल?" पिंट्या. "त्यात कुठं हातचा होता? आणि पूल, विमानं सगळी त्यावरच झाली."

मुद्दा बिनतोड वाटला होता. नेपियरने १६१४ मध्ये लॉगॅरिदम दिले, गुणाकाराची बेरीज झाली. पट्टीवर त्या प्रमाणात खुणा केल्या की दोन लांब्या जोडून गुणाकार मिळतो. अंक नाहीत, म्हणून हातचाही नाही. सर शांतपणे म्हणाले, "आणि म्हणून उत्तर तीन अंकांपर्यंतच. पुलाला चालतं. मालक, तुम्हाला चालेल?"

"जीएसटीत एक रुपया चुकला तरी नोटीस येते."

"झालं. शेवटच्या पैशापर्यंत उत्तर हवं असेल तर हातचा चुकवता येत नाही."

इथं मधल्या बाकावरून कुणीतरी, नाव सांगत नाही, नेहमीचंच "आपल्याकडे हे सगळं आधीच होतं" काढलं. सर म्हणाले, होतं ते नीट सांगावं. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत यंत्रांवर अख्खा अध्याय आहे. वेळ काढायचं फलकयंत्र आहे, आणि शेवटी सगळ्यांत श्रेष्ठ म्हणून धीयंत्र, म्हणजे बुद्धी. जयपूरचं सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंच आहे. पण ही आकाश मोजायची साधनं; बेरीज माणसानेच करायची. मधला बाक गप्प झाला.

अण्णा मात्र इतका वेळ काहीतरी जुळवत होता. "सर, तुमचं चाक हातचा घेतं, चांगलं हाय. पण आता बेरीज, मग गुणाकार, मग परत बेरीज, हे त्याला कोण सांगतं? दांडा फिरवणारा माणूस. माझ्या मागाला तसं कोण सांगत बसत नाय. पत्ता सांगतो."

यावर पिंट्याने टाळी दिली आणि इंग्रज गणिती बॅबेज काढला. त्याच्या १८३० च्या दशकातल्या अॅनालिटिकल इंजिनाच्या आराखड्यात आकडे ठेवायचं कोठार वेगळं, आकडेमोडीची गिरणी वेगळी, आणि दोघांना हुकूम देणारे पत्ते थेट जकार्डकडून घेतलेले. जकार्डचं रेशमात विणलेलं चित्र त्याच्याकडे होतं, चोवीस हजार पत्त्यांवर विणलेलं. चोवीस हजार म्हटल्यावर अण्णाने जीभ चावली. ते पत्ते पाडणाऱ्याची दया आली असावी. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने लिहिलं ते असं, की जकार्ड फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या आकृत्या विणतं.

"बघा," अण्णा.

"बघतोच आहे," सर. "पत्ते बॅबेजला तयार मिळाले. हातचा मिळाला नाही. चाळीस-पन्नास अंकी संख्यांत सगळे हातचे एकाच वेळी कसे द्यायचे, यावर त्याने वर्षं घालवली. आणि त्याचे पत्ते उत्तर बघून मागे-पुढे जाणार होते. तुझा माग चादर बघून पत्ता बदलतो का?"

"आडवा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो."

कट्टा एकदम शांत. पिंट्या हळूच म्हणाला, "सर, हे प्रोग्रॅममधलं इफ झालं. असं असेल तर तसं कर."

सरांनी चहा संपवला, मगच बोलले. थांबणं म्हणजे निवडणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. थांबल्यावर पुढं काय करायचं हे पुन्हा माणूसच ठरवतो. मला सरांचं पटतं, पण पूर्ण नाही. यंत्राने स्वतःच्या कामाकडे बघून काहीतरी वेगळं केलं, ही पायरी छोटी नाही. तरी पहिलेपणाची माळ मी जकार्डच्या गळ्यात घालणार नाही. भोकाचे पत्ते डोळ्यांना दिसतात, गोष्ट सांगायला सोपे. हातच्याची दांडी डब्याच्या आत असते, म्हणून तिला कुणी फॉरवर्ड करत नाही. आणि सगळेच पत्ते जकार्डचे नव्हेत. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हॉलरिथने पत्ते वापरले, त्यांवर हुकूम नव्हते, माणसांची माहिती होती.

"मग ते बॅबेजचं यंत्र चाललं किती?" मालकांना शेवटी हिशेब लागतोच.

चाललंच नाही, पुरं झालंच नाही. त्याच्या आधीच्या डिफरन्स इंजिनावर, म्हणजे गणिताचे तक्ते काढायच्या यंत्रावर, ब्रिटिश सरकारचे सतरा हजार पौंड गेले आणि १८४२ मध्ये त्यांनी हात काढून घेतला. कल्पना मात्र चुकीची नव्हती. दुसऱ्या डिफरन्स इंजिनाच्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये यंत्र उभं केलं, एकतीस अंकी, आणि ते बरोबर चाललं.

"मग तेव्हा का नाय झालं?"

"कारणं बरीच. एक म्हणजे भांडण. सुटे भाग करणारा क्लेमंट नावाचा कारागीर होता. पैशावरून वाजलं, १८३३ मध्ये त्याने काम थांबवलं. त्या कामासाठी खास बनवलेली हत्यारंही त्याच्याकडेच राहिली, कारण तिकडच्या रिवाजाप्रमाणे हत्यारं कारागिराची."

"बरोबर केलं त्याने," अण्णा म्हणाला.

"सरकारच्या पैशातून बनलेली हत्यारं?" मालक उसळले. "ती कारागिराची कशी काय बे?"

"मजुरी अडकवली की सगळं कारागिराचं."

पास्कल, हातचा, पत्ता सगळं बाजूला पडलं आणि कट्टा नव्याने दोन भागांत फुटला. सर या वेळी अण्णाच्या बाजूला होते.