कंपनीने सोडलेले साधन बेवारस नसते

विदर्भातील शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. कंपनीने सोडून दिलेले व्हीआरचे, म्हणजे हेडसेट डोळ्यांवर चढवून पाहायच्या आभासी जगाचे, ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेले) साधन बेवारस असते, ते सांभाळणे वापरणाऱ्यांना जमत नाही, म्हणून खेड्यांतील शाळांनी त्याच्या नादी लागू नये, असा त्याचा आशय आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शाळेत एकाच जुन्या हेडसेटवर मुले ओपन ब्रश या हवेत त्रिमितीय चित्रे काढण्याच्या साधनात कपाशीचे बोंड आणि त्यात शिरलेली बोंडअळी काढतात, म्हणून हे उत्तर देणे मला भाग आहे.

‘बेवारस’ हा शब्दच आधी तपासू. ओपन ब्रशचे मूळ म्हणजे गूगलचे २०१६ साली आलेले टिल्ट ब्रश. २६ जानेवारी २०२१ रोजी गूगलने त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर केले आणि त्याच वेळी त्याचा कोड अपाचे २.० परवान्याखाली खुला केला. हा परवाना कोड वापरण्याची, बदलण्याची आणि पुन्हा वाटण्याची मुभा कोणालाही देतो; टिल्ट ब्रश हे नाव मात्र गूगलने स्वतःकडे राखले, म्हणून वापरकर्त्यांनी पुढे चालवलेल्या प्रतीला ओपन ब्रश हे नवे नाव घ्यावे लागले. मृत्युपत्र करून ठेवलेल्या शेताला आपण बेवारस म्हणत नाही.

कंपनी गेली की केलेले कामही जाते, हा दुसरा दावा असून त्यासाठी मोझिला हब्जचा, म्हणजे मोझिलाच्या आभासी खोल्यांत एकत्र भेटण्याच्या साधनाचा, दाखला दिला आहे. येथे सेवा आणि प्रोग्रॅम यांची गल्लत झाली आहे. ३१ मे २०२४ रोजी बंद झाली ती मोझिलाच्या सर्व्हरवरील सेवा. कोड खुला असल्याने तो पुढे चालवण्याचे काम हब्ज फाउंडेशनने हाती घेतले, आणि ज्याला जमेल त्याला स्वतःच्या सर्व्हरवर हब्ज उभे करता येते. याउलट मायक्रोसॉफ्टचे तशाच भेटीगाठींचे अल्टस्पेसव्हीआर १० मार्च २०२३ रोजी बंद झाले तेव्हा त्याचा कोड बंदिस्तच होता, त्यामुळे ते पुढे चालवणे वापरणाऱ्यांच्या हाती उरले नाही. म्हणजे मजकुरात ज्याची भीती घातली आहे तो धोका परक्याच्या सर्व्हरवर विसंबण्याचा आहे. ओपन ब्रशमधील चित्र हेडसेटमध्येच साठते. लोडशेडिंगमध्ये राउटर बंद पडला तरी चार्ज केलेल्या हेडसेटवर आमचा तास चालतो.

नव्या हेडसेटांवर जुने साधन चालणार नाही, हा आक्षेप २०१९ साली ओपनएक्सआर हे, एकच प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंपन्यांच्या हेडसेटांवर चालावा यासाठीचे, सामाईक मानक आल्यापासून बराच लंगडा झाला आहे.

वापरणारे प्रोग्रामर नसतात, हे खरे आहे. पण देखभाल म्हणजे केवळ कोड लिहिणे नव्हे. मोठे चित्र अडखळू लागले की कोणता ब्रश हाती होता, रेषा साधारण किती झाल्या होत्या आणि आरसा (एका बाजूची रेष दुसऱ्या बाजूलाही उमटवणारी सोय) चालू होता की बंद, हे आमची आठवीतील एक मुलगी वहीत टिपून ठेवते. “सर, आरसा बंद केला की अडकत नाही,” हे तिचे एक वाक्य दोष शोधणाऱ्याचे अर्धे काम करते. अशा नोंदीवाचून कुशल प्रोग्रामरही चाचपडत राहतो.

सांभाळणारे थकले तर काय, ही मजकुरातील शंका मात्र मी खोडणार नाही. लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीत सर्रास वापरले जाणारे, फाइली आकुंचित करणारे एक्सझेड हे ओपन सोर्स साधन बराच काळ एकटा माणूस सांभाळत होता. मदतनीस म्हणून आलेल्या एकाने त्याचा विश्वास मिळवून त्यात चोरवाट घातल्याचे मार्च २०२४ मध्ये उघड झाले. भंडारा-गोंदियातील मामा (माजी मालगुजारी) तलावांबाबतही वेगळे घडले नाही: मालगुजारी संपली, निस्ताराचे, म्हणजे गावकऱ्यांच्या वापराचे, हक्क राहिले, पण गाळ कोणी काढायचा हे जेथे ठरले नाही तेथे तलाव उथळ होत गेले. ओपन सोर्सचा परवाना या निस्तारासारखाच आहे. तो हक्क देतो, गाळ काढत नाही.

त्या मुलीच्या नोंदी इंग्रजीत करून ओपन ब्रशच्या मंडळींना कळवण्याचे काम आमच्या शाळेत माझ्याकडे आहे, आणि गेल्या महिन्यातील दोन नोंदी अजून माझ्याच टेबलावर पडून आहेत.