रामखामहेंगच्या बापाचं नाव दगडावर कोरलेलं आहे, जरा वाचा तरी

थायलंडमधल्या ‘रामराज्या’चा तो मेसेज परत फिरायला लागलाय. म्हणे कुशाचा वंशज रामखामहेंग भारतातून सैन्य घेऊन तिकडे गेला, अयोध्या वसवली, लोकांना देवनागरी शिकवली, हिंदू राज्य आणलं आणि त्याच घराण्यातले नववे राम भूमिबोल आजही गादीवर आहेत. काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकला तेव्हा गप्प बसलो, पण आता भाचीने तो जसाच्या तसा शाळेच्या भाषणात घेतलाय, म्हणून लिहितोय.

आधी तो कुश, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. रामखामहेंग तेराव्या शतकाच्या शेवटी सुखोथाईचा, म्हणजे आजच्या थायलंडमधल्या एका जुन्या राज्याचा राजा होता. त्याचा चारी बाजूंनी कोरलेला शिलालेख बँकॉकच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे आणि त्याची सुरुवातच घरच्या माहितीने होते: बापाचं नाव श्री इंद्रादित्य, आईचं नांग सुआंग, आम्ही पाच भावंडं, थोरला लहानपणीच गेला. मग तो सांगतो की मी एकोणीस वर्षांचा असताना चोत गावचा सरदार साम चोन चालून आला, बापाची माणसं पळाली, मी मात्र माझा हत्ती पुढे घातला आणि साम चोनच्या हत्तीला हरवलं, म्हणून बापाने मला रामखामहेंग हे नाव दिलं. म्हणजे हे नाव लढाईत कमावलेलं. एवढं सगळं कौतुकाने सांगणारा माणूस कुशाचा वंशज असता तर ते सांगायचं विसरला असता का? आणि नावात राम आहे म्हणून रघुवंशी म्हणायचं असेल तर त्याच काळात आपल्या देवगिरीला रामदेवराव होता, तो यादव, त्याचं काय करायचं?

आता एक गोष्ट कबूल करतो. हा दगड राजपुत्र मोंगकुट भिक्षू असताना 1833 साली त्याला सापडला, आणि काही अभ्यासक म्हणतात की तो एकोणिसाव्या शतकातच बनवलेला आहे. वाद खरा आहे. पण उद्या दगड खोटा ठरला तरी कुश खरा ठरत नाही ना!

देवनागरी? अहो, थाई लिपी ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या लिपीवरून आली, ख्मेर दक्षिणेतल्या पल्लव लिपीवरून. भारताशी नातं आहेच, फक्त नागरीशी नाही. खरं नातं सांगायचंय तर हे सांगा की त्या लेखातल्या तारखा शकात आहेत, आपल्या पंचांगातलाच शालिवाहन शक. ही अक्षरं शके 1205 मध्ये केली असं त्यात लिहिलंय, आणि लेखात शके 1214 पर्यंतच्या तारखा येतात. ज्ञानेश्वरी शके 1212 ची! मला तरी हे वाचून त्या सगळ्या मेसेजपेक्षा जास्त भारी वाटलं.

अयोध्या म्हणजे अयुथया, आणि नाव अयोध्येवरूनच आहे, ठीक. पण ती वसवली रामाथिबोदी नावाच्या दुसऱ्याच राजाने, 1351 मध्ये, तोवर रामखामहेंगला जाऊन पन्नासएक वर्षं झाली होती. आणि 1767 मध्ये बर्मी फौजेने ती जाळली.

हिंदू राज्याचं म्हणाल तर हाच राजा दक्षिण थायलंडातल्या नाखोन सी थम्मारातहून आलेल्या विद्वान बौद्ध भिक्षूला विहार बांधून देतो, हेही त्याच दगडावर आहे. गरुड आजही तिथलं राजचिन्ह आहे, रामकथा घराघरात माहीत आहे, सगळं खरं, पण राजा बौद्धच असला पाहिजे असं त्यांची राज्यघटना सांगते.

राहिले भूमिबोल. त्यांचं चक्री घराणं 1782 मध्ये एका सेनापतीने सुरू केलं, सुखोथाईची गादी त्याच्या कितीतरी आधी संपली होती. आणि भूमिबोल 2016 मध्येच वारले, गादीवर आता त्यांचा मुलगा आहे. फॉरवर्ड करण्याआधी निदान राजा जिवंत आहे का एवढं तरी बघा.