एआयने ‘नाही’ म्हटलं तर कारण लेखी मिळालंच पाहिजे

चॅटबॉटवर ‘हा एआय आहे’ अशी पाटी लावली की ग्राहकाचं रक्षण झालं, हे मला मान्य नाही. मेडिक्लेम नामंजूर झालेल्या माणसाला हवं असतं कारण, आणि तो निर्णय फिरवू शकेल असा अधिकारी.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2024 मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात हे होतं. कर्ज, नोकरी, घर, विमा, उपचार यांत निर्णय विरोधात गेला तर कारण सांगा, चुकीची माहिती दुरुस्त करू द्या, शक्य तिथे माणसाकडून फेरतपासणी करा. पण कारवाईचा अधिकार फक्त ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे ठेवला. ज्याचं नुकसान झालं त्याला त्या कायद्याखाली स्वतः दावा लावता येणार नव्हता. ही फार मोठी उणीव.

आपल्याकडे तो दरवाजा उघडा आहे. ग्राहक आयोगात वकिलाशिवाय जाता येतं. मुंबई उपनगरातल्यांसाठी तो वांद्रे पूर्वेला आहे. फी मोजतात ती तुम्ही भरलेल्या रकमेवर. म्हणजे हप्ता 30 हजार आणि क्लेम 8 लाखांचा असला तरी फी शून्य, कारण भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. संबंधित माहिती मुद्दाम दडवणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतली त्रुटीच.

अडतं ते पुराव्यावर. तक्रारीची मुदत 2 वर्षं, पण सॉफ्टवेअरने कोणती माहिती पाहून निर्णय दिला ती नोंद कंपनीकडेच. तोवर ती पुसली गेली तर सिद्ध काय करणार? दुसरी अडचण आणखी खोल आहे. मोबदला दिला किंवा कबूल केला तरच तुम्ही ‘ग्राहक’. अर्जाच्या पहिल्याच चाळणीत ज्याला सॉफ्टवेअरने बाहेर काढलं, तो बहुतेकदा या व्याख्येत बसतच नाही.

बँका आणि विमा केंद्राच्या अखत्यारीत आहेत, हे खरं. पण ॲप टॅक्सीचं लायसन्स राज्य देतं, सरकारी टेंडरच्या अटी मंत्रालयात ठरतात. त्यात तीन अटी घाला: लेखी कारण, निर्णयाची नोंद किमान 3 वर्षं, आणि अर्जदारालाही स्वतः दाद मागायचा हक्क.

तोपर्यंत चॅट बंद करण्याआधी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढा. तक्रार अधिकाऱ्याला ईमेलवर विचारा: निर्णय सॉफ्टवेअरने घेतला का, माझी कोणती माहिती वापरली, फेरतपासणी कोण करणार? फोनवरचं उत्तर धरू नका. दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पण त्याने 2 वर्षांची मुदत थांबत नाही. आयोगातली तक्रार त्याआधीच दाखल करा.