स्वस्त गिटारनं हात बिघडत नाही

धाकट्या बहिणीनं मिरजेहून एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, हे खरं असेल तर हिची गिटार आत्ता नको. दोन-तीन वर्षांनी चांगलीच घेऊ." भाची मैत्रिणीच्या गिटारवर शिकते आहे. तिच्यासाठी पंधरा-वीस हजारांची इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं ठरलं होतं. हा मजकूर मी आधीही पाहिला होता आणि सोडून दिला होता. आता सोडवत नाही.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: सतारीचा सूर जसा भोपळ्यात, तसा इलेक्ट्रिक गिटारचा सूर लाकडात असतो. स्वस्त गिटार प्लायवूडच्या, म्हणून मुक्या. त्यांची नेक (बॉडीला जोडलेली, बोटं फिरतात ती लांब दांडी) स्क्रूनं जोडलेली असते, खरी गिटार एकसंध असते. सहा महिन्यांत नेक वाकते आणि गिटार टाकून द्यावी लागते. पिकअपचं चुंबक वर्षभरात उतरतं. आणि स्वस्त गिटारवर शिकणाऱ्याचा हात कायमचा बिघडतो, म्हणून लाखाच्या खालची घेऊच नका, हवं तर हप्त्यानं घ्या.

सतारीचा दाखला मिरजेच्या माणसाला लगेच पटतो, म्हणून आधी तोच. सतारीत तारेचं कंपन घोडीवरून तबलीत, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीत, उतरतं. तबली, भोपळा आणि आतली हवा ते आपल्या कानापर्यंत पोचवतात. तिथे लाकूड आणि भोपळा यांना किंमत आहेच, मिरजेचे कारागीर ते पारखून घेतात ते उगाच नाही. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ही साखळीच नाही. तारांखाली पिकअप असतो: चुंबक, आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, वेढ्यांत वीज निर्माण होते आणि ती ॲम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राकडे, जाते. खात्री करायची असेल तर लाखाच्या गिटारवर नायलॉनच्या तारा चढवा. लाकूड तेच, पण पिकअपला त्या तारा कळतच नाहीत, ॲम्प गप्प राहतो.

एवढ्यावर पटत नसेल तर नॅशव्हिलचा गिटारवादक जिम लिल यानं केलेली चाचणी यूट्यूबवर पाहा. त्यानं महागडी गिटार आणि स्वस्त गिटार समोरासमोर ठेवल्या आणि एकेक गोष्ट बदलत गेला. शेवटी त्यानं बॉडी आणि नेक दोन्ही काढून टाकले. दोन जड आधारांमध्ये नुसत्या तारा ताणल्या आणि त्यांच्याखाली तोच पिकअप, तेवढ्याच अंतरावर, त्याच जागी बसवला. मधे लाकूड नाही, हवा आहे. आवाज महागड्या गिटारसारखाच येतो. डोळे मिटून ऐका आणि कोणता कुठला ते सांगा. पिकअप कोणता, ब्रिजपासून (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) किती लांब, तारांपासून किती खाली, पुढचं सर्किट आणि ॲम्प कुठला, आवाज या गोष्टींनी बदलतो. आणि हे काही आज कळलेलं नाही. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलनं 1940 च्या सुमारास पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप लावून गिटार वाजवली होती. लोकांना ती गिटारसारखी दिसावी म्हणून त्यानं दुसऱ्या एका गिटारची बॉडी चिरून तिचे दोन अर्धे दोन्ही बाजूंना जोडले.

प्लायवूडचं म्हणाल तर अगदी तळाच्या किमतीत लॅमिनेटेड बॉडी मिळते, हे मान्य. पण पंधरा-वीस हजारांच्या नावाजलेल्या गिटार बहुधा पॉपलर किंवा बासवूडच्या असतात. गिटारवादक जो सॅट्रियानीच्या नावाची आयबानेझ कंपनीची महागडी गिटारसुद्धा बासवूडची आहे. क्वीन या ब्रिटिश बँडचा गिटारवादक ब्रायन मे यानं 1963 मध्ये वडिलांबरोबर घरी गिटार बनवायला घेतली. तिची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या लाकडाची आहे आणि बॉडीत ओकबरोबर ब्लॉकबोर्ड आहे. तोच ब्लॉकबोर्ड, ज्याची आपल्याकडे कपाटं होतात. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पाचगणीच्या शाळेत शिकलेला आपला फारूख, त्याच गिटारच्या साथीनं जगभर गायला. लाकडाचा अजिबात संबंध नाही असंही मी म्हणणार नाही. नेकच्या घडणीमुळे एखाद्या फ्रेटवर (नेकवरची धातूची आडवी पट्टी) सूर लवकर विरतो, वजन खांद्याला जाणवतं. पण तसा मेलेला फ्रेट महागड्या गिटारवरही सापडतो.

स्क्रूनं जोडलेली नेक ही स्वस्ताईची खूण असेल तर फेंडर कंपनीच्या 1954 पासूनच्या जवळजवळ सगळ्या स्ट्रॅटोकास्टर गिटार बाद करा, जिमी हेंड्रिक्सची धरून. लिओ फेंडरनं नेक मुद्दाम स्क्रूनं बसवली, उत्पादन सोपं व्हावं आणि खराब झाली तर बदलता यावी म्हणून. सुर (Suhr) आणि टॉम अँडरसन या कंपन्यांच्या लाखोंच्या गिटारमध्येही हाच जोड सर्रास असतो. चुंबकाचा मुद्दा तर बोलण्याच्या लायकीचा नाही. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा सिरॅमिक चुंबक असतं आणि महागड्यातल्या ॲल्निको नावाच्या मिश्रधातूच्या चुंबकापेक्षा ते उतरायला जास्त अवघड.

नेकबद्दलच्या वाक्यानं मात्र खरं नुकसान होतं. मी गिटार दुरुस्त करतो आणि "नेक गेली, टाकून द्यायची होती" असं म्हणत लोक चांगली गिटार घेऊन येतात. सहा तारांचा मिळून ताण चाळीस-पंचेचाळीस किलोच्या आसपास असतो. तो सांभाळायलाच नेकच्या पोटात लोखंडी ट्रस रॉड असतो, पंधरा हजारांच्या गिटारमध्येही. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, मार्च-एप्रिलमध्ये सुकतं, नेक थोडी पुढे-मागे होते. ते बिघडणं नव्हे. पहिला फ्रेट दाबा, दुसऱ्या हातानं बॉडीजवळचा शेवटचा दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास असेल तर नेक ठीक आहे, तेवढा बाक हवाच असतो. जास्त असेल तर योग्य मापाच्या ॲलन कीनं पाव फेरा आवळा, तारा परत सुरात लावा, पुन्हा बघा. जोर लागत असेल तर थांबा आणि जाणत्याकडे न्या. खरोखर पिळवटलेली नेक क्वचित येते.

आता हाताचं. इथे फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. स्वस्त गिटार दुकानातून येते तेव्हा बरेचदा वाजवायला त्रास देते. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्यातून जातात ती पट्टी) खाचा कमी खोल कापलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड दाबताना बोटं दुखतात. तारा उंच असतात. फ्रेटबोर्ड सुकून आकसतो, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, मग त्यांची टोकं तळहाताला बोचतात. तार बोटानं बाजूला ओढून सूर चढवला, म्हणजे बेंड केलं, की ती नटमध्ये अडकते आणि सूर उतरतो. मूल कंटाळून सोडून देतं, हे खरं आहे. पण हात बिघडत नाही.

महागड्या गिटारचे पैसे मुख्यतः इथेच गेलेले असतात. बॉडी दोन्हीकडे बहुधा संगणकावर चालणारं सीएनसी मशीनच कापतं. त्यानंतर माणसाच्या हाताला किती वेळ दिला, हा फरक आहे: फ्रेट एका पातळीत घासणं, टोकं गोल करणं, हाडाचा नट एकेका तारेच्या जाडीप्रमाणे कापणं. पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग) आणि स्विचही चांगले असतात, खरखर उशिरा सुरू होते. यातलं बहुतेक काम स्वस्त गिटारवर नंतर करून घेता येतं, आणि साध्या सेटअपला, म्हणजे नेक, नट आणि तारांची उंची जुळवून घ्यायला, लाख सोडा, गिटारच्या किमतीचा छोटासा भागच लागतो.

म्हणून दुकानात लाकूड विचारू नका. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा, कुठे सूर मरतो किंवा तार झणझणते ते ऐका. नेकच्या कडेवरून तळहात फिरवा. बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची बघा, दीड-दोन मिलिमीटर चांगली. जास्त असेल तर ब्रिजच्या सॅडलनं (तारेखालचा छोटा आधार) तार खाली येते का ते दुकानदाराला समोर करून दाखवायला सांगा. तार अडकत असेल तर नटच्या खाचेत पेन्सिलचं शिसं घासा, तेवढ्यानंही बराच फरक पडतो.