स्टेअरिंगवर मी बसतो

बंद पडलेली गाडी ढकलायला माणसं मिळत नाहीत, ही अफवा आहे. हवी तेवढी मिळतात. फक्त ती गाडीच्या मागे उभी राहत नाहीत. बाजूला हाताची घडी घालून उभी राहतात आणि विचारतात, "प्लग साफ करून बघितलेत का?"

गाडी सासऱ्यांची. १९७८ची प्रीमियर पद्मिनी. पण तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली 'अकराशे डी' निघाली, ती फियाट. पुढे तिची 'प्रेसिडेंट' झाली, १९७४पासून 'पद्मिनी' झाली. कंपनीनं बारसं करावं आणि लोकांनी फियाटच म्हणावं, असं शेवटपर्यंत चाललं. आमची फियाट कोथरूडच्या सोसायटीत जिन्याशेजारी खाकी कव्हराखाली उभी असायची. ती 'चालू कंडिशन'मध्ये आहे, असं सासऱ्यांचं म्हणणं होतं. फक्त चालू होत नव्हती.

३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्स्या कायमच्या गेल्या. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि शेवटची टॅक्सी ताडदेवला २००३ साली नोंदलेली, त्यामुळे गणित सरळ होतं. वर्तमानपत्रांत गहिवर दाटला. ज्यांनी आयुष्यात मीटरवरून भांडण्यापलीकडे त्या टॅक्सीशी संबंध ठेवला नव्हता, त्यांनीही स्टेटसला फोटो लावले. सासऱ्यांनी बातमी वाचून चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "आपली काढायची."

यात भावनेइतकाच हिशेबही होता. सरकारच्या २०२१च्या नियमाप्रमाणे गाडी 'व्हिंटेज' व्हायला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे आमची गाडी कायद्यानं अजून मानाची म्हातारी नव्हती, नुसतीच जुनी होती. २०२८पर्यंत तिला धरून ठेवायचं, असा बेत होता. त्याआधी पंधरा वर्षांनंतरचं दर पाच वर्षांनी होणारं पासिंग चुकलेलं होतंच, त्यावर सासरे बोलत नाहीत.

फियाटवर हात बसलेला मिस्त्री आता सहज सापडत नाही. आम्हाला सापडला तो तीन-चार गल्ल्या सोडून, आणि तोही म्हणाला, "इथं आणा, मग बघू." मी क्रेन सुचवली. सासरे माझ्याकडे असे बघायला लागले, की मुलगी दिल्याचा पुनर्विचार चाललाय की काय असं वाटावं. "पुढची चाकं वर टांगून न्यायची? ती काय नो पार्किंगमधली स्कूटर आहे?"

तेव्हा ढकलत न्यायचं ठरलं.

कव्हर काढलं, बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलेलं होतं आणि त्याला गादी होती सोसायटीच्या मेंटेनन्सच्या नोटिसांची. वायरिंगचा बराचसा भाग त्यांनी खाल्ला होता. चेअरमननी वाकून पाहिलं आणि फक्त नोटिसांबद्दल बोलले.

गाडी हलेना. हँडब्रेक ओढून ती कित्येक पावसाळे उभी होती. मागच्या चाकांत ब्रेकचे लायनर गंजून ड्रमला चिकटले होते. मिस्त्रीनं पाठवलेल्या पोरानं ड्रमवर गोल फिरत हातोडी मारायला सुरुवात केली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून सांगितलं, की वामकुक्षीची वेळ आहे. मग तेच खाली आले, बनियनवर, आणि "असं नाही, तसं मार" म्हणत तिथंच थांबले. पुढेमागे झुलवत झुलवत कधीतरी 'कट्' असा आवाज झाला आणि गाडी वीतभर सरकली. टाळ्या पडल्या.

आता आत कोण बसणार? तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा उत्साहानं बसला, खाली पायांशी बघितलं आणि हादरून म्हणाला, "काका, गिअरच नाहीये!" तो स्टेअरिंगखाली आडवा दांडा असतो, हे कळल्यावर त्यानं हात लावला आणि जी न्यूट्रलमध्ये होती ती रिव्हर्समध्ये घातली. त्याला उतरवलं. "स्टेअरिंगवर मी बसतो," सासरे म्हणाले आणि पालखीत बसावं तसे बसले. मागे मी, वॉचमन, ते मिस्त्रीचं पोर आणि इंजिनिअर. बाजूला साधारण निम्मी सोसायटी.

फियाट नऊशे किलोच्या आसपास भरते. हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. टायरमध्ये हवा कमी असली आणि आत बसलेला गृहस्थ "जोर लावा की!" म्हणत असला, की तो वाढतो. क्रोमच्या बंपरला हात लावायचा नाही, डाग पडतात; मागच्या दिव्यांना लावायचा नाही, काचा मिळत नाहीत; डिक्कीच्या मधोमध लावायचा नाही, पत्रा दबतो, अशा सूचना खिडकीतून येत होत्या. मग लावायचा कुठं, याला उत्तर नव्हतं.

आमच्या गेटपाशी रस्त्याकडे उतार आहे. सासऱ्यांनी ब्रेक दाबला. पेडल थेट फरशीला टेकलं, कारण ब्रेक ऑइल केव्हाच गळून गेलं होतं. त्यांनी हँडब्रेक ओढला. इतकी वर्षं जो सोडत नव्हता, तो आता धरेना. आम्ही मागे ढकलणारे होतो ते क्षणात मागे ओढणारे झालो, आणि बंपरला हात न लावण्याचा नियम सगळ्यांनी एकदम मोडला. गाडी वाचवली वॉचमननं. तो वीट हातात घेऊन चाकाबरोबर धावला आणि नेमकी गटाराच्या आधी ती चाकाखाली सरकवली. सासरे काच खाली करून म्हणाले, "बघितलंत? अजून पळते."

रस्त्यावर आल्यावर खरा त्रास सुरू झाला: प्रेम. मागे पीएमपीची बस हॉर्न देतेय आणि पुढे एक आजोबा बॉनेटवर हात ठेवून सांगतायत, की त्यांची पण हीच होती, दगडी रंगाची, महाबळेश्वरला सहा माणसं आणि वर कॅरिअरला वळकटी. घाटात गाडी तापली, की बॉनेटखालच्या, इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, हेही त्यांनी सांगितलं. खरंच टाकायचे, पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटायचा, त्यावर तोच उपाय होता. पण आत्ता मला फडकं माझ्या डोक्यावर हवं होतं. एका स्कूटरवाल्यानं थांबून विचारलं, "विकायची का?" एका रिक्षावाल्यानं टोचन करून देतो म्हटलं, सासऱ्यांनी तेही नाकारलं. दोन मुलींनी गाडीसमोर सेल्फी घेतला आणि मला जरा बाजूला व्हायला सांगितलं, कारण मी घामेजलेला फ्रेममध्ये येत होतो.

गॅरेजपाशी गटारावरच्या लादीचा चढ होता. तो कसा पार केला, हे माझ्या कमरेला विचारा. आणि वर पोचलो तर दारातच एक अँबॅसिडर उभी, चारही टायर बसलेले, आत जायला जागाच नाही. मिस्त्री चहाचा ग्लास खाली ठेवत म्हणाला, "आधी ही बाहेर काढू."

ती काढली. फियाट आत गेली. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, उंदरांचं काम पाहिलं, प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डेल्कोचं झाकण काढून वास घेतला आणि सांगितलं, "इंजिन जाम नाही. होईल. पण वेळ लागेल."

"किती?"

"सामान मिळेल तसं." मग तो आमच्या चौघांकडे कौतुकानं बघत म्हणाला, "शनिवारी सकाळी हीच माणसं घेऊन या. अँबॅसिडर परत आत घ्यायचीय."

मी काही बोलायच्या आत सासरे गाडीतून उतरले, शर्टाच्या बाह्या नीट केल्या आणि म्हणाले, "येऊ की. स्टेअरिंगवर मी बसतो."