मानांकन आणि क्ष-किरण विभाग : एक खुलासा

‘एनएबीएच (रुग्णालयांची गुणवत्ता तपासणारे राष्ट्रीय मंडळ) मानांकन मिळालेल्या रुग्णालयाला एक्स-रे व सीटी यंत्रांसाठी वेगळी परवानगी लागत नाही’ असा संदेश सध्या पुण्यातील तंत्रज्ञांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अखत्यारीतील मंडळाचे हे मानांकन ऐच्छिक आहे, तर १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना किंवा नोंदणी क्ष-किरण सोडणाऱ्या यंत्रांना कायद्यानेच आवश्यक असते. सोनोग्राफीची नोंदणी १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार होते, तीही मानांकनाने टळत नाही.

‘मानांकन म्हणजे नुसती कागदपत्रे’ हे त्याच संदेशातील वाक्य मात्र पूर्णपणे खोटे म्हणवत नाही, कारण तपासणी जवळ आली की नोंदवह्या भरता भरता आम्हा क्ष-किरण विभागातल्यांचा जीव मेटाकुटीला येतो. तरीही शिशाचा एप्रन फ्लुरोस्कोपीखाली (सलग क्ष-किरण चित्र दाखवणाऱ्या यंत्राखाली) धरून त्यातील बारीक भेग शोधणे, अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा नोंदवणारा छातीवरचा टीएलडी बिल्ला दर तीन महिन्यांनी मोजणीसाठी पाठवणे आणि गंभीर निष्कर्ष डॉक्टरांना फोनवर कळवल्याची वेळ लिहून ठेवणे, ही कामे त्या तगाद्यामुळेच वेळच्या वेळी होतात, असे विभागातील बहुतेक सहकारी खासगीत मान्य करतात.